पाटी पाच मिलिमीटर सरकली

गेल्या अंकात सहज लिहिलं होतं की घरी छोटं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणारं मशीन, जोडणाऱ्यांनी त्याच्या स्टेपर मोटरबद्दल (पावलापावलाने फिरते ती) अडलं तर विचारावं. मी रबाळे एमआयडीसीत एकवीस वर्षं कंट्रोल पॅनल वायर करते. शिक्षण आयटीआय, तेव्हा उत्तरंही त्याच वाणाची मिळतील. या वेळी चार पत्रं घेतली आहेत.

ताई, बँकेतून निवृत्त झालो. गॅलरीत ६०० बाय ४०० चं मशीन उभं करतोय, एमडीएफवर जाळी कोरायला. १६०५ चे बॉलस्क्रू आणले. दुकानदार म्हणतो नेमा ३४ घ्या, एकदाच काय ते दणकट घ्या. मी नेमा २३ पाहिली तर लेबलवर २.८ अँपिअर, १ ओहम, म्हणजे २.८ व्होल्ट झाले. तिला ३६ व्होल्टचा सप्लाय कसा लावू? जळणार नाही का? — एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

काका, ३४ घेऊ नका. नेमाचा आकडा म्हणजे मोटरच्या तोंडाच्या चौकोनी प्लेटचं माप. १७ म्हणजे १.७ इंच, २३ म्हणजे २.३, ३४ म्हणजे ३.४. त्यातून ताकद कळत नाही, भोकं कुठे पाडायची ते कळतं.

ताकदीचा हिशोब तुम्हाला बँकेच्या खात्याइतका सोपा जाईल. तुमचा स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो. १० किलो-सेंटिमीटरची मोटर, म्हणजे साधारण १ न्यूटन-मीटर, असा स्क्रू फिरवते तेव्हा घर्षण वजा जाऊनही पुढे शंभर किलोच्या वर जोर निघतो. हा झाला जागेवरचा जोर. वेग वाढला की तो घटतो. तिसरा-चौथा हिस्सा उरला असं धरा, तरी पंचवीस-तीस किलो झाले. ३ मिलिमीटरच्या टूलला एमडीएफ कापायला त्याच्या आसपासही लागत नाही. त्याआधी टूलच मोडेल.

आता ते २.८ व्होल्ट. लेबलवरचा आकडा मोटर नुसती उभी असतानाचा. तुम्हाला मिनिटाला ३००० मिलिमीटर पळायचं असेल तर स्क्रूचे मिनिटाला ६०० फेरे झाले. एका फेऱ्यात २०० पावलं, म्हणजे सेकंदाला २००० पावलं, आणि एका पावलाला मिळाला अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात कॉइलमध्ये करंट भरायला हवा, आणि कॉइलला बदल आवडत नाही. तुमच्या मोटरचा इंडक्टन्स, म्हणजे हा बदलाला होणारा विरोध, १.६ मिलिहेन्री असेल तर २.८ व्होल्टवर दीड मिलिसेकंद उलटला तरी करंट दोन-तृतीयांशाच्याच आसपास असतो. ३६ व्होल्ट दिले की तोच करंट मिलिसेकंदाच्या आठव्या हिश्श्यात भरतो. भरला की ड्रायव्हर, म्हणजे सप्लाय आणि मोटर यांच्या मधलं सर्किट, सप्लाय तोडतो, पुन्हा जोडतो, पुन्हा तोडतो, आणि करंट तुम्ही ठरवलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. मोटर जळते ती करंट चुकीचा ठेवला तर. म्हणून साधा सप्लाय थेट मोटरला कधी लावायचा नाही, मध्ये ड्रायव्हर हवाच.

किती व्होल्ट, याचा एक जुना अंदाज आहे: मिलिहेन्रीचं वर्गमूळ काढा, ३२ ने गुणा. १.६ ला ४० येतात, ही वरची हद्द, ३६ चा सप्लाय तिच्या आत बसला. ३.८ मिलिहेन्रीची धिप्पाड मोटर घेतलीत तर ६२ येतात, आणि डीएम-५४२ ड्रायव्हर ५० च्या वर चालत नाही. म्हणजे जास्त पैसे मोजून आणलेली मोटर तुमच्याच सप्लायवर वेगात लवकर दमेल. दुकानात किलो-सेंटिमीटर विचारतात सगळे. तुम्ही मिलिहेन्री विचारा. समोरचा डेटाशीट शोधायला लागला तर दुकान चांगलं.

माझी यादी: नेमा २३, १० ते १२ किलो-सेंटिमीटर, २ मिलिहेन्रीच्या आतली. तीन डीएम-५४२. ३६ व्होल्ट, ३५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सप्लाय. तीन मोटरांचे ८.४ अँपिअर होतात खरे, पण सप्लायला त्याचा दोन-तृतीयांश भार धरला तरी चालतो. ड्रायव्हरवर २.८४ पीकची सेटिंग मिळेल ती ठेवा, आणि उभं असताना करंट अर्धा व्हावा म्हणून स्विच ४ ऑफ ठेवा. मायक्रोस्टेप, म्हणजे एका पावलाचे तुकडे, ८ ठेवलंत तर १६०० भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ३२० पावलं. १६ करायचा मोह होईल. तेव्हा त्याच वेगाला सेकंदाला ३२,००० पल्स (एका पावलाला एक ठोका) लागतात आणि आर्डुइनो उनो बोर्डावर चालणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर ३०,००० च्या आसपास हात टेकतं. अचूकता तशीही दुप्पट होत नाही, चाल थोडी मऊ होते एवढंच.

एक राहिलं. बॉलस्क्रू उलटाही फिरतो. लाइट गेली की झेडवरचा, म्हणजे वर-खाली जाणारा, टूल फिरवणारा स्पिंडल स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली येऊन कामात टूल रुतवतो. बंद करताना खाली लाकडाचा ठोकळा सरकवा.

ताई, भंगारातून जुन्या कॉपियरच्या तीन मोटरी मिळाल्या. प्रत्येकीला सहा वायरी आहेत, रंग कुठल्याच चित्राशी जुळत नाहीत. ए-४९८८ ड्रायव्हरला चार जोडल्या तर मोटर नुसती गुरगुरते, थरथरते, फिरत नाही. — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, ऐरोली

अरे, रंग विसर. रंगाचा भरवसा मी नव्या मोटरीतही धरत नाही. मीटर ओहमवर लाव आणि वायरींना कागदी टेप चिकटवून १ ते ६ आकडे घाल. ज्या तीन एकमेकींशी बोलतात त्या एका कॉइलच्या, उरलेल्या तीन दुसऱ्या. तिघींत ज्या दोघींमध्ये सगळ्यात जास्त ओहम येतात ती दोन टोकं. तिसरी मधली, तिच्यापासून दोन्हीकडे निम्मे येतात. मधल्या दोन्ही वायरी वेगवेगळ्या टेपने बंद कर, एकमेकींना लागू देऊ नकोस. टोकांची एक जोडी ड्रायव्हरच्या एका कॉइलला, दुसरी दुसऱ्या कॉइलला. तुझी मोटर थरथरते कारण जोड्यांची अदलाबदल झाली आहे.

मीटर नसेल तर कॉइलची दोन टोकं एकमेकांना पिळून शाफ्ट बोटाने फिरव. जोडी बरोबर असेल तर शाफ्ट अडखळत फिरतो. उलटी फिरली तर एका कॉइलच्या दोन वायरी बदल. सप्लाय बंद करून, बरं का. चालू सप्लायवर मोटरचा कनेक्टर ओढला की ड्रायव्हर गेला म्हणून समज. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी हेच केलं होतं, आणि साहेब मागेच उभे होते.

पूर्ण कॉइल वापरतोस तेव्हा करंट लेबलच्या सात-दशांश ठेवायचा. १ अँपिअरची मोटर असेल तर ०.७. ए-४९८८ च्या पाटीवर चिपजवळ दोन काळे रेझिस्टर असतात, त्यांवरचा आकडा भिंगातून वाच. आर१०० असेल तर व्हीरेफ, म्हणजे करंट ठरवणारं व्होल्टेज, ०.७ गुणिले ८ गुणिले ०.१, म्हणजे ०.५६ व्होल्ट. आर०५० असेल तर ०.२८. हा आकडा न वाचता कुठूनतरी व्होल्टेज उचललंस तर करंट दुप्पट जाऊ शकेल.

आणि शाफ्ट हाताने एक फेरा फिरवून खटके मोज. भंगारात ४८ पावलांच्या मोटरीही निघतात. त्या खेळण्यांना ठेव.

नमस्कार. मी अॅक्रिलिकच्या नावाच्या पाट्या कोरते. छोट्या पाट्या नीट होतात. मोठी, तासभर चालणारी पाटी असली की शेवटची अक्षरं एकाच बाजूला सरकतात, गेल्या वेळी पाच मिलिमीटर. शिवाय व्हॅक्युम चालू केला की कधीकधी मशीन "अलार्म १" दाखवून थांबतं. मोठ्या मोटरी घ्याव्यात का? — सानपाडा

तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण तुम्ही "एकाच बाजूला" असं लिहिलंत. त्या दोन शब्दांनी माझं अर्धं काम केलं.

आधी कपलिंग, म्हणजे मोटरचा शाफ्ट स्क्रूला जोडणारा तुकडा, बघा. शाफ्ट आणि कपलिंग दोन्हीवरून मार्करची एक सरळ रेघ ओढा आणि मोठी पाटी कोरा. रेघ तुटली तर ग्रब स्क्रू ढिला आहे. शाफ्टच्या चपट्या बाजूवर बसवून घट्ट करा.

रेघ जागेवर राहिली तर दोष पल्समध्ये. मोटर कमजोर असती तर पावलं सहसा एकाच दणक्यात, ज्या बाजूला जोर लागला तिथे चुकली असती, आणि आवाजही आला असता. तुमचं थोडं थोडं साचत गेलंय. ड्रायव्हर पल्सच्या एका कडेवर पाऊल टाकतो. तुमच्याकडे पल्सची धन बाजू ५ व्होल्टला कायम जोडलेली असेल आणि कंट्रोलर ऋण बाजू हलवत असेल, तर कड उलटी होते. मग दिशा बदलण्याच्या क्षणी एक मायक्रोस्टेप भलत्या दिशेला पडतं, आणि अक्षरांच्या वळणांत दिशा हजारो वेळा बदलते. ३२० पावलांच्या हिशोबाने १६०० वेळा चुकलं की तुमचे पाच मिलिमीटर भरले. जीआरबीएलमध्ये $२ ही पल्स उलटी करण्याची सेटिंग आहे. एक्स, वाय, झेड तिन्हीला ७ द्या. नाहीतर वायरिंग बदला: ऋण बाजू ग्राउंडला, धन बाजू कंट्रोलरच्या पिनला. दोन्ही एकदम करू नका, पुन्हा जिथल्या तिथे याल.

अलार्म १ म्हणजे मशीनला वाटलं हद्दीवरचा लिमिट स्विच दाबला गेला. कुणी दाबला नाही, व्हॅक्युमच्या विजेच्या गोंगाटाने दाबला. व्हॅक्युमची पिन वेगळ्या सॉकेटला न्या. स्विच एनसीवर (न दाबता जोडलेल्या राहणाऱ्या टोकावर) जोडा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. स्विचची केबल शील्डेड घ्या, शील्ड फक्त पॅनलकडच्या टोकाला अर्थ करा, दुसरं टोक कापून टेप मारा. दोन्ही टोकं अर्थ केली की शील्डमधूनच करंट वाहतो. मोटरच्या आणि स्विचच्या वायरी एकाच पट्ट्याने सुबक बांधलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दिसतं छान. सोडा ते पट्टे आणि चार बोटं अंतर ठेवा.

मोटरी तुमच्या आहेत त्याच राहू देत.

मोटरला हात लावला तर चटका बसतो. बिघडली का? — एक वाचक, घणसोली

नाही. हात ५५ अंशांनाच मागे येतो, स्टेपर ७०–८० पर्यंत गरम झाली तरी चालते. उभी असतानाही तिच्यातून करंट जात असतो, म्हणून काम न करताही तापते. मात्र ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकमध्ये काढलेली असेल तर मोटरच्या आधी तीच ६० अंशांच्या आसपास वाकेल. ती अॅल्युमिनियमची करून घ्या आणि उभं असतानाचा करंट अर्धा करा.