वाचकांचे प्रश्न: नेट रनरेट, स्ट्राइक रेट आणि प्ले-ऑफची आकडेमोड

हंगाम शेवटच्या आठवड्यांत आला की पत्रांचा सूर बदलतो. 'कोण जिंकेल' यापेक्षा 'कसं मोजायचं' हे विचारणारे वाचक वाढतात, आणि आम्हाला ती पत्रं जास्त आवडतात. त्यांतली काही पत्रं आणि आमची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: सातपूरला आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत नेट रनरेटवरून रोज जुंपते. चौघं मोजतात आणि चार उत्तरं येतात. वहीवर हिशेब नेमका कसा मांडावा? आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये चेन्नई बंगळुरूकडून १७ धावांनी हरली असती तरी प्ले-ऑफमध्ये गेली असती म्हणतात, तो १७ चा आकडा आला कुठून?
– एक वाचक, सातपूर

उत्तर: गुण सारखे झाले की क्रम नेट रनरेट ठरवतो. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: स्पर्धेत केलेल्या एकूण धावा भागिले खेळलेली षटकं, वजा दिलेल्या एकूण धावा भागिले टाकलेली षटकं. गडबड होते ती षटकं लिहिताना. म्हणून वहीत षटकं लिहूच नका, चेंडू लिहा. शेवटी सहाने गुणलं की झालं.

समजा तुमच्या संघाचे तीन सामने झाले. पहिल्यात तुमच्या २० षटकांत १६८, समोरच्यांच्या २० षटकांत १५२. दुसऱ्यात समोरच्यांनी २० षटकांत १४१ केल्या, तुम्ही १६.४ षटकांत १४२. तिसऱ्यात तुम्ही १७.२ षटकांत ११९ वर सर्वबाद आणि समोरच्यांनी १५.५ षटकांत १२० केल्या. तुमच्या धावा ४२९. चेंडू १२० + १००, आणि तिसऱ्या सामन्याचे १०४ नव्हे तर पूर्ण १२०, कारण सर्वबाद झालेल्या संघाच्या नावावर सगळी २० षटकं धरली जातात. एकूण ३४० चेंडू, म्हणजे षटकामागे ७.५७१. दिलेल्या धावा ४१३, चेंडू १२० + १२० + ९५ = ३३५, म्हणजे ७.३९७. वजाबाकी +०.१७४.

आता तुमची चार उत्तरं कशी येतात ते पाहा. सर्वबादचा नियम विसरून १०४ चेंडू धरले तर +०.५४७ येतं, म्हणजे तिपटीहून जास्त. प्रत्येक सामन्याचा रनरेट वेगळा काढून तिघांची सरासरी घेतली तर +०.२१४ येतं, तीही चूक, कारण बेरीज पूर्ण स्पर्धेची करायची असते. आणि १६.४ म्हणजे सोळा षटकं चार चेंडू हे न पाहता कॅल्क्युलेटरवर १६.४ आणि १५.५ तसेच दाबले तर +०.१६५. ही तिसरी चूक लहान दिसते, पण फरक तिसऱ्या दशांश स्थळावर ठरत असेल तर तीच महागात पडते. सर्वबादचा नियम दोन्ही बाजूंना लागतो हेही लक्षात असू द्या: तुम्ही समोरच्याला १४ षटकांत गुंडाळलंत, तरी तुमच्या गोलंदाजीच्या खात्यात २० षटकं पडतात. लवकर गुंडाळण्याचा फायदा याच दारातून येतो.

आता १७ चा आकडा. १४ सामन्यांत साधारण २८० षटकं होतात. त्यामुळे शेवटच्या सामन्यातली प्रत्येक धाव एका संघाचा रनरेट १/२८० ने हलवते. १८ मे २०२४ च्या सामन्यात बंगळुरू आणि चेन्नई हे दोघंच एकमेकांशी प्ले-ऑफच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या जागेसाठी झगडत होते, म्हणून एकच धाव एकाला वर आणि दुसऱ्याला खाली नेत होती, म्हणजे अंतर २/२८०, साधारण ०.००७ ने बदलत होतं. बंगळुरूने २१८ केल्या, चेन्नई १९१ वर थांबली आणि २७ धावांनी हरली. दोघांचे गुण १४, पण बंगळुरू +०.४५९ आणि चेन्नई +०.३९२. अंतर ०.०६७. भागाकार केला की साडेनऊच्या आसपास धावा येतात. २७ मधून त्या वजा केल्या की साडेसतरा. म्हणजे १७ ने हरली असती तर चेन्नई आत, १८ ने हरली तर बाहेर. २०१ धावा झाल्या असत्या तरी चेन्नईचं काम झालं असतं ते यामुळेच. षटकं नेमकी २८० नसतात, त्यामुळे ही रीत अंदाजाची आहे. पण सामना चालू असताना वहीवर एवढंच पुरतं.

प्रतिस्पर्धी तिसराच संघ असेल तर मात्र २/२८० नको, १/२८० घ्या. १३ सामन्यांनंतर शून्यावर असलेला संघ शेवटचा सामना २८ धावांनी जिंकला तर तो +०.१०० वर जाईल, त्याहून वर नाही. 'शेवटचा सामना मोठा जिंकू आणि रनरेट काढू' म्हणणाऱ्यांना हे गणित आधी दाखवा. उणे ०.४ वरून शून्यावर यायला शेवटच्या एका सामन्यात शंभराहून जास्त धावांचा विजय लागतो.

पाठलागात आणखी एक बाब असते आणि ती अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटते. धावसंख्या बरोबरीत असताना शेवटचा फटका चौकार किंवा षटकार असेल, तर त्याच्या सगळ्या धावा मोजल्या जातात, त्यामुळे एखाद-दोन चेंडू जास्तीचे मिळतात. २५ मे २०१४ ला वानखेडेवर मुंबईला प्ले-ऑफसाठी राजस्थानचं १९० चं लक्ष्य १४.३ षटकांत गाठायचं होतं. १४.३ ला धावसंख्या १८९, बरोबरी. पुढच्या चेंडूवर चौकार लागला तरी चालणार होतं. आदित्य तरेने जेम्स फॉकनरला षटकार मारला आणि मुंबई आत गेली. याउलट ५ सप्टेंबर २०२३ ला आशिया चषकात लाहोरला अफगाणिस्तानला श्रीलंकेविरुद्ध २९२ धावा ३७.१ षटकांत हव्या होत्या. ३७.१ ला नववा गडी पडला, धावा २८९. तिथे सगळं संपलं असं समजून शेवटचा फलंदाज फारूकीने दोन चेंडू नुसते अडवले आणि तिसऱ्यावर पायचीत झाला. प्रत्यक्षात ३७.४ षटकांत २९५ झाल्या असत्या तरी अफगाणिस्तान पुढे जात होतं, म्हणजे त्या तिसऱ्या चेंडूवरही षटकार पुरला असता. दुसऱ्या टोकाला राशिद खान उभा होता. असा सामना बघायला बसाल तेव्हा कागदावर आधीच एक तक्ता करा: या चेंडूला सामना संपला तर निदान किती धावा हव्यात, पुढच्या चेंडूला किती.

प्रश्न: सुपर ओव्हरच्या धावा नेट रनरेटमध्ये धरतात का? आणि पावसाने वाहून गेलेला सामना?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: दोन्ही नाही. सुपर ओव्हर फक्त विजेता ठरवते. रद्द सामन्यातून गुण वाटले जातात, पण त्याच्या धावा आणि षटकं हिशेबात येत नाहीत.

प्रश्न: घरात मोठा भाऊ म्हणतो, ५० चेंडूंत ६० करणारा डाव सावरतो. मी म्हणतो, तोच सामना घालवतो. आकड्यांनी निकाल लागेल का?
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर: लागतो, पण १२० चा स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा) एकटा घेऊन नाही. त्याच डावातल्या इतरांशी तुलना करा. समजा संघाच्या १६५ धावा झाल्या, त्यात ५ अवांतर. याच्या ६० वजा केल्यावर उरलेल्यांनी ७० चेंडूंत १०० केल्या. त्या गतीने ५० चेंडूंत ७१ झाल्या असत्या. म्हणजे याचा डाव संघाला ११ धावांना पडला, आणि टी-ट्वेंटीत ११ धावा हा बऱ्याच सामन्यांचा निकाल असतो.

आता भावाची बाजू. पॉवरप्लेच्या सहा षटकांत ३० यार्डांबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात, नंतर पाच जाऊ शकतात. शेवटच्या चार षटकांत हातात गडी असतील तर सगळेच झोडपतात. तेव्हा चौथ्या षटकात ३ बाद २० असताना आलेल्या फलंदाजाची तुलना सतराव्या षटकात आलेल्याशी करणं अन्याय आहे. षटकांचे तीन गट पाडा, १ ते ६, ७ ते १५, १६ ते २०, आणि प्रत्येक गटात याचे चेंडू आणि धावा इतरांसमोर ठेवा. गडी पडत असताना ३० चेंडूंत ३० आणि नंतर २० चेंडूंत ३० असा डाव असेल तर भाऊ बरोबर. सगळे ५० चेंडू एकाच चालीने खेळले असतील आणि शेवटच्या षटकांतही एकेरीच निघत असेल तर तुम्ही बरोबर. आमच्या मते अशा वादात दुसरा प्रकार जास्त वेळा आढळतो.

सरासरीवर मात्र भांडू नका. सरासरी म्हणजे धावा भागिले बाद झालेल्या वेळा. सहाव्या क्रमांकावरचा खेळाडू दहा डावांत सहा वेळा नाबाद राहून २०० धावा करतो तेव्हा त्याची सरासरी ५० दिसते, आणि डावामागे त्याच्या धावा असतात २०. अशा फलंदाजासाठी किती चेंडूंमागे एक चौकार-षटकार निघतो ते बघा. तेही ४० चेंडूंवर ठरवू नका. ४० चेंडूंत एक षटकार इकडेतिकडे झाला की स्ट्राइक रेट १५ ने हलतो. गोलंदाजाची इकॉनॉमी, म्हणजे षटकामागे दिलेल्या धावा, बघतानाही हेच गट वापरा: शेवटच्या षटकांतली ९ ही मधल्या षटकांतल्या साडेसातपेक्षा पुष्कळदा चांगली असते. वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या खात्यात जातात, बाय आणि लेगबाय जात नाहीत.

प्रश्न: आमच्या मंडळात कबड्डीच्या दोन चढाईपटूंवरून वाद आहे. एकाचे सामन्यात १२ गुण, दुसऱ्याचे ७. संघात एकच घ्यायचा तर १२ वालाच ना?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: दोघांनी चढाया किती केल्या आणि ते बाद किती वेळा झाले, हे पत्रात नाही, आणि उत्तर तिथेच दडलेलं आहे. सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची, म्हणजे एका संघाच्या वाट्याला जेमतेम ४० चढाया येतात. समजा पहिल्याने २४ चढायांत १२ गुण घेतले आणि तो ७ वेळा पकडला गेला. दुसऱ्याने १२ चढायांत ७ घेतले आणि तो दोनदा पकडला गेला. निव्वळ फायदा दोघांचाही ५, पण दुसऱ्याने तो निम्म्या चढायांत दिला.

पकड झाली की नुसता एक गुण जात नाही. समोरच्यांचा एक बाद खेळाडू मैदानात परत येतो आणि तुमचा मुख्य चढाईपटू बाहेर बसतो. समोर तिघं किंवा कमी असताना पकडला गेला तर ती अव्वल पकड, म्हणजे दोन गुण. लोण चढवायच्या, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद करायच्या, घाईत चढाईपटू नेमके इथेच फसतात, आणि लोणाचे दोन गुण जवळ दिसत असताना सामना उलटतो. म्हणून समोर तिघंच असतानाच्या पकडी वेगळ्या मोजा. बोनसही वेगळा काढा: तो समोर सहा किंवा सात जण असतानाच मिळतो आणि त्याने तुमचा बाद खेळाडू जिवंत होत नाही. १२ पैकी ६ बोनस असतील तर त्या १२ चं वजन कमी. सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या, करो या मरो चढाईला दोघांपैकी कोणाला पाठवलं जातं तेही लिहून ठेवा, कारण तिथे गुण न घेता परतलं तरी बाद धरतात.

प्रश्न: गोल्फ क्लब मैदानावर रणजी सामने बघतो. सामना अनिर्णित राहतो तरी एका संघाला तीन गुण, दुसऱ्याला एक असं का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: पहिल्या डावातल्या आघाडीमुळे. निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलात तर ७. अनिर्णित सामन्यात आघाडीवाल्याला ३, दुसऱ्याला १. पहिले डावच पूर्ण झाले नाहीत तर दोघांना एकेक. म्हणून गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, रणजी बघायला बसाल तेव्हा दुसऱ्या संघाचा पहिला डाव चुकवू नका. शेपटाला आलेले फलंदाज तिथे एकेक धाव का जोडतात ते कळेल.

बाद फेरीत ही आघाडी तर सामनाच ठरवते. २०२४-२५ च्या हंगामात केरळने पुण्याजवळ गहुंजेला जम्मू-काश्मीरविरुद्ध २८० ला २८१ असं उत्तर दिलं आणि एका धावेच्या आघाडीवर उपांत्य फेरी गाठली. तिथे केरळच्या ४५७ ला गुजरातचं उत्तर ४५५, म्हणजे दोन धावांची आघाडी. अंतिम सामन्यात त्याच नियमाने विदर्भ विजेता ठरला: ३७९ विरुद्ध ३४२.

प्रश्न: आयपीएलमध्ये १६ गुण झाले की प्ले-ऑफ पक्का का? आणि पहिल्या दोनांत असण्याने खरंच एवढा फरक पडतो?
– एक वाचक, सिडको

उत्तर: दहा संघ, साखळीचे ७० सामने, वाटायला १४० गुण, म्हणजे सरासरी १४. म्हणून १४ वर गर्दी होते आणि रनरेट बाहेर काढावा लागतो. २०२४ ला बंगळुरू पहिल्या आठपैकी सात हरूनही १४ वर आत गेली. आठ संघ असताना २०१९ ला हैदराबाद १२ गुणांवर गेली होती. १६ वर बहुतेकदा जागा मिळते, पण तक्ता बघितल्याशिवाय 'पक्का' म्हणू नका. उरलेले सामने पाच असतील तर निकालांचे ३२ प्रकार होतात, हातानेही मांडता येतात. दहा असतील तर १०२४. तेव्हा तुमच्या संघाला स्पर्धा नसलेल्या दोघांमधले सामने आधी खोडा, मग उरलेले मांडा.

पहिल्या दोनांचा फायदा मोठा आहे. प्रत्येक सामना निम्मा-निम्मा धरला तर पहिल्या किंवा दुसऱ्या संघाला विजेतेपदाची संधी आठात तीन, तिसऱ्या-चौथ्याला आठात एक. कारण वरच्यांना एक पराभव माफ आहे आणि खालच्यांना तीन सामने सलग जिंकायचे असतात. ही पद्धत २०११ पासूनची. तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या १५ विजेत्यांपैकी १४ पहिल्या दोनांतले, आणि त्यातले ९ दुसऱ्या क्रमांकाचे. तिसऱ्या क्रमांकावरून जिंकला तो एकटा २०१६ चा हैदराबाद. तेव्हा सिडकोत पैज लागेल तेव्हा चौथ्या जागेचा वाद मिटवून झाल्यावर दुसरी जागा कोण घेतंय तेही बघून ठेवा.