मॅनेजर सारखं "झालं का?" विचारतो. डेव्हलपर आणि प्रोजेक्ट मॅनेजरचं पटत का नाही?

तुमच्या मॅनेजरला कोडमधलं कळत नाही आणि तरी तो दिवसभर "झालं का?" विचारत राहतो, असं तुम्ही लिहिलंय. मी आधी डेव्हलपर होतो, आता प्रोजेक्ट सांभाळतो. कोड न येणारे पण टीमला अतिशय जपणारे मॅनेजर मी पाहिलेत. माझ्या मते बिनसतं ते तारखेवरून. तुम्ही अंदाज सांगता आणि क्लायंटपर्यंत जाताना त्याचा शब्द होतो.

रिपोर्ट एक्सेलमध्ये डाउनलोड करायचं साधं बटण घ्या. तुम्ही म्हणता, "दोन दिवस." मॅनेजर क्लायंटला बुधवार सांगून मोकळा. टेस्ट डेटावर शंभर ओळी झटकन उतरतात. खऱ्या डेटावर लाखभर ओळी येतात आणि रिक्वेस्ट टाइमआउट होते, म्हणजे ठरलेला वेळ संपल्याने मध्येच तुटते. मग ते काम बॅकग्राउंडला टाका, फाइल तयार झाली की युजरला मेल पाठवा, कुणाला कुठला डेटा दिसावा ते तपासा. बटण तेवढंच दिसतं, काम आठवड्यावर गेलेलं असतं. हे तुम्हाला सोमवारीच कळलं आणि तुम्ही मंगळवार रात्रीपर्यंत बोलला नाहीत, तर क्लायंटची बोलणी एकटा मॅनेजर खातो. पुढच्या कामाला तो तासातासाला विचारणारच.

सॉफ्टवेअर कामाच्या अंदाजांवर संशोधन करणाऱ्या बॅरी बोएम यांनी १९८१ मध्येच मांडलं होतं, की अगदी सुरुवातीचा अंदाज दोन्ही बाजूंना चौपटीपर्यंत चुकू शकतो. तेव्हा पहिल्याच दिवशी एक तारीख देऊच नका. "दोन ते सात दिवस. खरा डेटा पाहून उद्या दुपारी पक्कं सांगतो," असं म्हणा आणि उद्या दुपारी खरंच सांगा. अडलं की त्याच दिवशी कळवा, सोबत पर्यायही द्या: "बुधवारी पाच हजार ओळींपर्यंत चालेल असं देतो, मोठे रिपोर्ट पुढच्या आठवड्यात." क्लायंटपुढे ठेवायला मॅनेजरच्या हातात काहीतरी येतं. नुसतं "अवघड आहे" ऐकून तो काय करणार?

मॅनेजर मंडळींनाही सांगतो, "किती टक्के झालं?" विचारू नका, "कुठे अडलंय, मी कुणाशी बोलू?" हे विचारा. आणि उशीर झाला म्हणून ऐन वेळी आणखी दोघं आणून बसवू नका. फ्रेड ब्रुक्स या सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ मध्ये लिहून ठेवलंय, की रखडलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो.

एवढं करूनही तुमचा मॅनेजर दर वेळी "दोन ते सात"मधले दोनच उचलत असेल, तर अंदाज टिकेटवर, म्हणजे त्या कामाच्या नोंदीवर, लिहायला लागा, कशावर अवलंबून आहे त्यासकट. तरीही फरक पडला नाही तर चूक त्याची आहे. ते त्याला एकट्याला गाठून स्पष्ट सांगा, स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर नको.