हिस्टेरिसिसला ‘शैथिल्य’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: तापमान नियंत्रकाच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करताना ‘हिस्टेरिसिस’साठी ‘शैथिल्य’ चालेल का, ‘ऑफसेट’ला काय म्हणावं, थर्मोकपलच्या (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा सेन्सर) ‘कोल्ड जंक्शन’चं काय करावं, आणि मुळात हे उपकरण ‘उष्णता नियंत्रक’ की ‘तापमान नियंत्रक’?

शेवटचं आधी घेतो. ‘तापमान नियंत्रक’च. उष्णता ही ऊर्जा, ती ज्यूलमध्ये मोजतात, तापमान अंशांत. नियंत्रक हीटर चालू-बंद करून उष्णता कमी-जास्त करतो खरा, पण सेन्सर त्याला कळवतो ते तापमान आणि त्याने राखायचं तेही तापमानच. नुसता ‘ताप’ मात्र टाळावा, मराठी वाचकाला त्यातून आधी आजारपण दिसतं.

आता हिस्टेरिसिस. मूळ ग्रीक शब्दात मागे राहण्याचा, रेंगाळण्याचा अर्थ आहे, त्यामुळे चुंबकत्वाच्या पुस्तकात ‘शैथिल्य’ शोभतं. नियंत्रकाच्या पुस्तिकेत ते मला पटत नाही. समजा सेट पॉइंट, म्हणजे राखायचं ठरवलेलं तापमान, १८० अंश आणि हिस्टेरिसिस ४ अंश ठेवला. बऱ्याच ऑन-ऑफ नियंत्रकांत हीटर १८० ला बंद होतो आणि तापमान १७६ पर्यंत उतरल्यावरच पुन्हा लागतो. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. ते नसेल तर १८० च्या आसपास तापमान जरा हललं की काँटॅक्टर (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) खटखट करत राहील आणि त्याचे संपर्काचे पॉइंट लवकर जळतील. शैथिल्य म्हटलं की ढिलाई, दोष असं काहीतरी मनात येतं आणि वाचणारा ते शून्यावर आणायला जाईल! म्हणून मी ‘चालू-बंद अंतर’ लिहीन. पडद्यावर दिसणारा ‘हिस्टेरिसिस’ शब्दही पहिल्या उल्लेखात शेजारी हवा, नाहीतर बटण दाबणाऱ्याला मेनूत ते सापडायचं नाही. सगळेच उत्पादक हे अंतर सेट पॉइंटच्या खाली धरत नाहीत, काही दोन्ही बाजूंना धरतात. तेव्हा एखादं उदाहरण आकड्यांसह द्याच.

‘डेड बँड’ वेगळा. तापवणं आणि थंड करणं अशी दोन्ही कामं करणाऱ्या नियंत्रकात मधल्या ज्या पट्ट्यात काहीच चालू नसतं, तो. ‘निष्क्रिय पट्टा’ म्हणावं, अर्थ सरळ पोचतो.

‘ऑफसेट’ला एकच मराठी शब्द शोधू नका, कारण त्या एका नावाखाली दोन गोष्टी येतात. नुसतं प्रपोर्शनल नियंत्रण, म्हणजे फरकाच्या प्रमाणात हीटरला वीज देणं, असेल तर तापमान स्थिरावतं, पण बरेचदा सेट पॉइंटपासून थोडं लांब. हीटरला काहीतरी वीज मिळत राहायची तर थोडा फरक उरावाच लागतो. तो भरून काढायला पीआयडी (प्रपोर्शनल-इंटिग्रल-डेरिव्हेटिव्ह) नियंत्रणातला ‘आय’, म्हणजे इंटिग्रल, साचत गेलेला फरक पाहून वीज बदलणारा भाग. याला ‘स्थायी तफावत’ म्हणता येईल. दुसरा ऑफसेट आपण स्वतः भरतो: सेन्सर २ अंश जास्त दाखवत असेल तर उणे २ टाकायचे. ती ‘वाचन-दुरुस्ती’. पहिली नियंत्रणाची उणीव, दुसरी त्यावरचा उपाय नव्हेच, कारण ती सेन्सरच्या चुकीसाठी आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचक पीआयडी लावायचं सोडून आकडे फिरवत बसेल.

थर्मोकपल तसंच राहू द्यावं. ‘तापयुग्म’ कळायला अवघड नाही, पण सुटा भाग मागवताना कोणी तसं म्हणत नाही. ‘शीत संधी’ मात्र नको. थर्मोकपल आपल्या दोन टोकांतल्या तापमानाच्या फरकानुसार व्होल्टेज देतो, के प्रकारात अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. पूर्वी दुसरं टोक वितळत्या बर्फात, ० अंशाला ठेवत, म्हणून ते ‘कोल्ड’. आज ते नियंत्रकाच्या टर्मिनलवर असतं, पॅनेल तापलं की तेही तापतं, आणि नियंत्रक तिथलं तापमान वेगळं मोजून हिशेबात धरतो. तिथे ‘संदर्भ संधी’ लिहा.