शोरूमची बदली गाडी घेण्याआधी एवढं बघ

भावा, गाडी शोरूमला दुरुस्तीला टाकताना 'दोन दिवसात देतो साहेब' यावर जाऊ नकोस, जॉब कार्डवर, म्हणजे ते काम लिहून घेतात त्या कागदावर, तक्रार नीट लिहून घे. नुसतं 'आवाज येतोय' असं लिहितात लगा, मग मेकॅनिकला आवाज सापडतच नाही. थंड इंजिनला येतो, ब्रेक दाबल्यावर का खड्ड्यात, ते लिहायला लाव आणि जमलं तर सुपरवायझरला शेजारी बसवून एक चक्कर मारून ऐकवच. एस्टिमेट लेखी, जादा काम विचारल्याशिवाय नाही, आणि बदललेले जुने पार्ट बघायला माग.

आता ती बदली गाडी, म्हणजे आपली दुरुस्तीत असताना शोरूम वापरायला देतं ती. फुकट मिळाली म्हणून चावी घेऊन सुटू नकोस, आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढ, बंपरची खालची कड, अलॉय, किलोमीटर, पेट्रोलचा काटा सगळं त्यात आलं पाहिजे, कारण आमच्या गल्लीतल्या एकाच्या गळ्यात जुनाच ओरखडा मारला होता. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी बघ. कुठं ठोकली तर क्लेममधली आपल्या वाट्याची रक्कम कोण भरणार आणि पुण्याला गेलास तर किणी-तासवडेचा टोल कुणाच्या फास्टॅगमधनं कटणार, हे सहीच्या आधी विचार.

लांबवायला लागले तर फोनवर भांडत बसू नको, सगळं मेलवर, कंपनीच्या कस्टमर केअरला पण टाक. तरी हलले नाहीत तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहेच. आणि वैतागून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात न्यायची घाई करू नको, मिस्त्री तिथं एक नंबर आहेत पण वॉरंटीत बाहेर खोललं की शोरूमवाल्यांना क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.