जिभेवर प्रोजेक्ट घेतोयस? आधी मानेकडं बघ

गर्भात जीभ कशी घडते, हा विषय झकास निवडलास, पण सुरुवात जिभेपासून करू नकोस. जिभेचे जवळजवळ सगळे स्नायू डोक्यामागच्या सोमाइटमधून (गर्भाच्या पाठीलगत जोडीजोडीनं असणाऱ्या पेशींच्या गाठोड्यांतून) येतात आणि हायपोग्लॉसल नर्व्हच्या, म्हणजे जीभ हलवणाऱ्या मज्जातंतूच्या, वाटेनंच पुढं सरकतात. अपवाद पॅलॅटोग्लॉससचा, म्हणजे टाळू आणि जीभ जोडणाऱ्या स्नायूचा; व्हायव्हात हमखास विचारतात.

सिग्नलची नावं घोकत बसू नकोस, कोण कुणाला सांगतंय ते धर. जिभेच्या वरच्या आवरणातून सॉनिक हेजहॉग नावाचं सिग्नल-प्रथिन निघतं, ते ऐकतात न्यूरल क्रेस्टच्या पेशी (मज्जानलिकेच्या कडेतून निघून चेहऱ्याकडं येणाऱ्या). उंदरात फक्त या पेशींतलं स्मूदन्ड (हा सिग्नल पेशीच्या आत पोचवणारं प्रथिन) काढलं, तर स्नायूपेशींना हात न लावताही जीभ नीट घडतच नाही. क्रेस्टच्या पेशींतला टीजीएफ-बीटा या दुसऱ्या सिग्नलचा रिसेप्टर काढला, तरी स्नायू कमी पडतात. म्हणजे जागा क्रेस्टची, राहायला येतात सोमाइटवाले! माझ्या मते सगळा विषय इथंच आहे, बाकी तपशील.

कोंबडीच्या अंड्यांवर करणार असशील तर एक ध्यानात ठेव. आपल्या लातूरकडच्या मे महिन्यात हॅचरीतून आणलेली अंडी वाटेतच वाढायला लागतात. म्हणून अंडी उबवल्याच्या तासांवर विसंबू नकोस, सोमाइट मोज. दहा जोड्या दिसल्या की हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या १९५१ च्या, कोंबडीच्या गर्भाच्या वाढीच्या तक्त्यातली १० वी अवस्था. तक्त्यात तिला ३३ ते ३८ तास दिलेत. आणि अंडी पहाटेच आण, भर दुपारच्या एसटीनं नको.