त्या विटा कुणी पाडल्या?

वाचकांचे प्रश्न, इतिहासाच्या एका निवृत्त शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग पाहिलं. रस्त्यावर अठराव्या शतकातले कपडे घातलेली माणसं, घोडागाड्या, लोहार, शिंपी. मजा आली, पण सारखं मनात येत होतं, हा इतिहास म्हणायचा की नाटक?

उत्तर : शंका रास्त आहे. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं, आणि तिकिटाचे पैसे आठवून जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी मात्र मी तिथल्या वीटभट्टीवर गेले. पायातलं काढून खड्ड्यात उतरायचं आणि विटांचा चिखल तुडवायचा. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून मीही उतरले. वरची माती उन्हानं कोमट, तळाची गार, आणि पाय उचलताना प्रत्येक वेळी चप्पकन आवाज. शेजारी एक कारागीर लाकडी साच्यात विटा पाडत होता. उन्हाळाभर विटा पाडून वाळवायच्या आणि थंडीच्या तोंडावर भट्टी लावायची, हे तिथलं वेळापत्रक.

हे कारागीर अठराव्या शतकातले असल्याचं सोंग आणत नाहीत. कपडे जुने, बोलणं आजचं. म्हणून मी सरळ विचारलं, त्या काळी हे काम कोण करायचं? हात न थांबवता तो म्हणाला, "बहुतेक वेळा गुलाम. आणि ओल्या विटा उचलून न्यायला पोरं." त्याच व्हर्जिनियात मॉन्टिसेलोला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचं घर आहे. तिथल्या विटांमध्ये गुलामांच्या बोटांचे ठसे अजून दिसतात. नाव नाही, गाव नाही, फक्त बोटं. असो.

हे उत्तर तिथे पूर्वीपासून मिळत होतं असं समजू नका. गुडविन नावाच्या एका पाद्र्यानं जॉन डी. रॉकफेलर धाकटे या धनाढ्य गृहस्थांना गळ घातली आणि १९२६ पासून हे गाव पुन्हा उभं राहिलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास गावातली निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची होती. तरी पहिली पन्नासेक वर्षं पाहुण्यांना दिसले ते गव्हर्नरचा वाडा आणि गोऱ्या घरांतली चांदीची भांडी. १९७९ मध्ये कृष्णवर्णीय इतिहास सांगायला कृष्णवर्णीय माणसं नेमली, तेव्हा कुठे चित्र बदलू लागलं.

पुढे १० ऑक्टोबर १९९४ ला तिथे भर रस्त्यात गुलामांच्या लिलावाचा प्रसंग उभा केला. कृष्णवर्णीय इतिहास सांगणाऱ्या विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन स्वतः कृष्णवर्णीय. विकल्या जाणाऱ्यांत त्या स्वतः उभ्या राहिल्या. निदर्शनं झाली. आमच्या पूर्वजांच्या यातनांचा खेळ मांडलात, असा आरोप झाला. विरोधाला आलेल्यांपैकी एका नेत्याचं मत प्रयोग पाहून बदललं. पण पुन्हा तो लिलाव तिथे झाला नाही. तुम्ही विचारता, इतिहास की नाटक. त्या दिवशी ते नाटकच होतं, आणि मला विचाराल तर तिथल्या कित्येक चकचकीत दालनांपेक्षा खरं होतं.

अभ्यासाचा भाग किती, तेही सांगते. १७६० ते १७७४ या काळात विल्यम्सबर्गमध्ये कृष्णवर्णीय मुलांची एक शाळा चालली, बहुतेक मुलं गुलाम. अ‍ॅन वेजर नावाची एकच शिक्षिका. ब्रे स्कूल म्हणतात तिला. इमारत गेली असंच सगळे धरून चालले होते. विल्यम अँड मेरी कॉलेजातले इंग्रजीचे एक प्राध्यापक, टेरी मायर्स, बरीच वर्षं हट्टानं म्हणत होते की कॉलेजच्या आवारातलं अमुक घर हीच ती शाळा. (इतिहासाचे नव्हेत, इंग्रजीचे. आमच्या मंडळींनी हे जरा मनावर घ्यावं.) शेवटी त्या घराच्या लाकडातली वर्षवलयं मोजली. झाडं तोडली होती १७५९-६० च्या सुमारास. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते घर अख्खंच्या अख्खं ट्रेलरवर चढवून ऐतिहासिक गावात आणलं.

प्रश्न : अमेरिकेला इतिहास असून असून किती? चारशे वर्षं! त्यावर एवढे विद्वान कशाला?

उत्तर : चारशे वर्षं कुणाची, ते आधी ठरवा. १६२० मध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांचं 'मेफ्लॉवर' जहाज प्लिमथला लागलं, तेव्हा वाम्पानोअग हे मूळनिवासी लोक तिथे हजारो वर्षं राहत होते. पुढे त्यांची भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. १९९३ पासून त्याच समाजातल्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती पुन्हा उभी करायला घेतली, त्यासाठी एमआयटीत जाऊन भाषाशास्त्र शिकल्या. आधार कशाचा? जुन्या खरेदीखतांचा, मृत्युपत्रांचा, आणि १६६३ मध्ये त्याच भाषेत छापलेल्या बायबलचा. धर्म बदलायला छापलेला ग्रंथ भाषा परत आणायला कामी आला. बेअर्डबाईंची मुलगी ही भाषा लहानपणापासून बोलत मोठी झाली, शतकाहून जास्त काळानंतरची पहिलीच.

प्रश्न : आम्ही बॉस्टनजवळ राहतो. मुलगी नववीत आहे. अठराव्या शतकातला मूळ कागद वाचून त्यावर लिहून आणा, असं शाळेनं सांगितलंय. तिला अक्षरच लागत नाही आणि मलाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : घाबरू नका, मोडीपेक्षा सोपं आहे. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा किंवा मधला एस बऱ्याचदा जवळजवळ एफसारखा दिसतो. एवढं कळलं की अर्धी लढाई जिंकलात. दुसरं, तारखा. १७५२ मध्ये इंग्रजांनी कॅलेंडर बदललं, अकरा दिवस गाळले आणि वर्षाची सुरुवात २५ मार्चवरून १ जानेवारीला आणली. म्हणून जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या हिशेबानं ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्यानं २२ फेब्रुवारी १७३२. कागद चुकलाय असं मुलीला वाटायला नको.

वॉशिंग्टन, जेफरसन, अ‍ॅडम्स यांची पत्रं 'फाउंडर्स ऑनलाइन'वर फुकट वाचता येतात, पावणेदोन लाखांहून जास्त कागद आहेत. ती टंकलेली असल्यामुळे अक्षराचा प्रश्नच नाही. पण खरं सांगू? मोठ्या माणसांकडे सगळा वर्ग जाईल. तुम्ही तिला मार्था बॅलर्डकडे न्या.

ही मेन प्रांतातल्या हॅलोवेलची सुईण. १७८५ ते १८१२, सत्तावीस वर्षं तिनं रोजनिशी लिहिली. आज हवा कशी, केनेबेक नदी कशी ओलांडली, कुणाचं बाळंतपण, घरात किती सूत निघालं, कुणी मोबदला काय दिला. आधीच्या अभ्यासकांनी चाळली आणि किरकोळ म्हणून बाजूला ठेवली. लॉरेल थॅचर अलरिक या बाईंनी मात्र ती एकेक दिवस करून वाचली. ८१६ बाळंतपणं निघाली. शिवाय नवऱ्यांच्या हिशेबवहीत कधीच न आलेला बायकांचा अख्खा व्यवहार निघाला, विणकामाचा, उसनवारीचा, औषधपाण्याचा. त्यावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला १९९१ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

ही रोजनिशीही इंटरनेटवर आहे, मूळ पानांच्या छायाचित्रांसकट. मुलीला म्हणावं, एकच आठवडा घे. कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणाला काय दिलं, एवढंच एका बाजूला लिहून काढ, आणि घरातलं कोण एकदाही दिसत नाही ते दुसऱ्या बाजूला. निबंध झाला की मलाही पाठवा. शुद्धलेखन मी बघणार नाही, मार्थाबाईंचंही यथातथाच होतं.