चिप सीलचं बजेट पायापासून मांडा

प्रश्न: फाटकापासून घरापर्यंत आमचा मातीचा रस्ता आहे. लांबी 30 मीटर, रुंदी 3.5 मीटर, शिवाय दारापुढे गाडी वळवायला 6 बाय 6 मीटरची जागा. त्यावर चिप सील करायचं ठरवलंय. दोन कंत्राटदारांचे दर आले. एकाचा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही कागदांवर फक्त एकेक आकडा आहे. स्वस्त दर घ्यावा का?

उत्तर: अजून कुणालाच होकार देऊ नका. एका आकड्याचा कागद म्हणजे दरपत्रक नव्हे. दोघांकडून पाया, डांबर, खडी, यंत्रं आणि मजुरी असे वेगवेगळे आकडे लिहून मागा. मी रस्त्यांच्या कामांवर देखरेख केली आहे, त्यावरून सांगतो: दरात एवढा फरक दिसला की पहिली शंका पायाची घ्यायची. स्वस्त दरात बहुतेक वेळा पाया धरलेलाच नसतो.

चिप सील म्हणजे डांबराचा फवारा, त्यावर एका मापाची खडी आणि मग रोलर. या थराची जाडी खडीच्या दाण्याएवढीच. तो पाणी आत मुरू देत नाही, धूळ बसवतो, चाकाला पकड देतो. गाडीचं वजन मात्र पेलत नाही. ते काम खालच्या दाबलेल्या खडीचं. मऊ मातीवर केलेलं चिप सील पहिल्याच पावसात चाकांच्या रेषेत खचतं, आणि मग वरचं सगळं उखडून पुन्हा पायापासून सुरुवात करावी लागते.

आता तुमचाच हिशेब करू. क्षेत्रफळ 141 चौरस मीटर. दाबून 150 मिलिमीटर जाडी धरली तर पायाला 21 घनमीटर माल लागेल. सुटा माल दबाईत बसतो, म्हणून मागवताना 26-27 घनमीटर धरा. वरच्या थराला मात्र किती कमी लागतं पाहा. डांबर आणि त्यावर खडी असा एक थर म्हणजे एक कोट. पहिल्या कोटाला 13 मिलिमीटरची खडी चौरस मीटरला साधारण 0.01 घनमीटर, दुसऱ्याला 6 मिलिमीटरची 0.004. दोन्ही मिळून जेमतेम 2 घनमीटर, सांडलवंड धरून थोडी जास्त. डांबर दोन्ही कोटांना मिळून चौरस मीटरला पावणेदोन किलोच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून अडीचशे किलो. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, वापरणार असाल तर पाण्याचंही वजन धरा. 65 टक्के डांबराचं इमल्शन 380 किलोच्या घरात जाईल. पायावर आधी मारायचा प्राइम कोट, म्हणजे पायात मुरणारा पातळ डांबराचा फवारा, वेगळा. म्हणून वरच्या खडीच्या दरावर घासाघीस करून फारसं काही वाचत नाही. पायाला मात्र एक पैसाही कमी करू नका.

पाया झाला की एक परीक्षा जरूर घ्या. खडी घेऊन आलेला भरलेला ट्रक त्यावरून अगदी सावकाश न्यायला सांगा आणि मागच्या चाकांजवळ वाकून बघा. चाकाखाली जमीन दबून पुन्हा वर येताना दिसली, तर तिथली माती काढून चांगला माल भरायला लावा. डांबर आणायचं ते त्यानंतर. रस्त्याला मधून दोन्ही बाजूंना उतारही हवा, रुंदीच्या मीटरमागे 2 ते 3 सेंटिमीटर.

कोट एक की दोन? तुमच्या बाबतीत दोनच. वळणाच्या जागी उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं की चाक खडी पिरगाळून उपटतं. दुसऱ्या कोटाची बारीक खडी पहिल्या खडीच्या फटींत जाऊन बसते आणि दाणे अडकवून ठेवते. हात आखडावाच लागला तर सरळ भागात एक कोट चालवून घ्या, वळणाच्या जागी नाही.

यंत्रांचा खर्च लहान कामाला जड जातो, कारण फवारणीची गाडी आणि रोलर तुमच्याकडे आणायला तेवढेच पैसे पडतात, काम 100 चौरस मीटरचं असो की 1000 चौरस मीटरचं. शेजाऱ्यांपैकी कुणाला असंच काम करायचं असेल तर एकाच दिवशी उरका. खरी बचत इथे आहे. रोलर रबरी टायरचा मागा, जड लोखंडी रोलरखाली खडी फुटते. खडी धुतलेली हवी. धुळीने माखलेल्या दाण्याला डांबर धरतच नाही.

करारात दोन वाक्यं घालून घ्या: पावसाने किंवा थंडीने काम पुढे गेलं तर यंत्रांच्या फेरीचा खर्च कुणाचा, आणि शेवटचा हप्ता सुटी खडी झाडून झाल्यावरच. एकूण खर्चाच्या दहाव्या हिस्स्याएवढी रक्कम बाजूला ठेवा, पायात मऊ जागा निघतेच. शिवाय 7 ते 10 वर्षांनी वर नवा कोट द्यावा लागेल, त्याची तजवीज आत्तापासून करा.

प्रश्न: आमचं चिप सील होऊन दोन आठवडे झाले. अजून खडी उडते. कंत्राटदार म्हणतो, बसेल हळूहळू, आणि शेवटचा हप्ता मागतो. द्यावा का?

उत्तर: आधी सकाळी, डांबर थंड आणि कडक असताना, मऊ झाडूने सगळं झाडून घ्या. खडी थोडी जास्तच पसरतात, त्यामुळे सुरुवातीला काही दाणे सुटे राहणं साहजिक आहे. मग चार-पाच ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हरने एकेक दाणा उचकटून बघा. दाणा चिवटपणे निघाला आणि खालचा निम्म्याहून जास्त भाग काळा असला तर काम ठीक आहे, पैसे देऊन टाका. दाणा सहज सुटला आणि खालून कोरडा, धुळकट निघाला तर खडी धुळीची होती किंवा उशिरा टाकली. इमल्शन तपकिरी असतं, ते काळं पडायच्या आत खडी पडायला हवी. अशा जागा खडूने आखा, कंत्राटदाराला उभं करून दाखवा आणि तेवढ्या भागावर नवा कोट होईपर्यंत हप्ता थांबवा.